शामची गाडी वणीत थांबली

शाम गेला हे तांड्यात सगळ्यांत आधी दोघांनाच कळलं. एक त्याचे वडील हिरासिंग आडे, आणि दुसरी मी.

मे महिन्यातली सकाळ होती, पण ऊन तेव्हाच चटके देत होतं. मी विहिरीवर पाण्याला आले तर कठड्याला टेकून हिरासिंगकाकाजी उभे. मोबाइल त्यांच्या हातात खाली लोंबत होता आणि पलीकडून कोणीतरी बोलतच होतं, "आडेजी, आप सुन रहे हैं? आडेजी?" मी हंडा खाली ठेवून फोन घेतला. पलीकडच्या साहेबाने मी कोण ते विचारलं, आणि मग मलाही तेच सांगितलं. पहाटेच्या तोफमाऱ्यात शाम शहीद झाला. पार्थिव विमानाने नागपूरला येईल, तिथून गाडीने गावी.

हाकेच्या अंतरावर काकाजींचं घर. ओसरीत शामची बायको रंजिता ज्वारी पाखडत बसली होती. सुपाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

"आता घरी जाऊन काय सांगू?" काकाजी म्हणाले.

"काही सांगू नका," मी म्हणाले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो सावरायचंही मला सुचलं नाही. "काकाजी, तिचं बीपी कालच लय वाढलं होतं. पाय सुजले हायेत. हे ऐकलं अन् झटके आले तर ती बी जाईल अन् लेकरू बी."

मी शीला, या तांड्याची आशा सेविका. शाम माझा चुलत दीर. आमच्या घरांत गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली चालते, इथे मी ते मराठीत सांगते आहे. रंजिताला नववा लागला होता. उपकेंद्राच्या सिस्टरने आदल्या दिवशी तिचं बीपी मोजलं, परत मोजलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला उद्याच्या उद्या वणीला ने." आज आम्ही निघणारच होतो. त्याआधी हा फोन आला.

मी वणीच्या डॉक्टर प्राचींना फोन लावला. विहिरीच्या मागे जाऊन, हळू आवाजात. त्या म्हणाल्या, "तिला रस्त्यात काही कळू देऊ नका. आधी इथे आणा. मी इंजेक्शन देते, मग आपण मिळून सांगू."

शामची आई जमनीकाकी पहाटेच तेंदूपत्त्याला जंगलात गेली होती. त्या एका गोष्टीने आम्हाला सवड दिली. ती घरी असती तर तिच्या पहिल्या किंकाळीने सगळं संपलं असतं. पण समोरच्या शकुबाईच्या घरी टीव्ही चालू होता, आणि त्या दिवसांत तांड्यात बातम्यांशिवाय दुसरं काही कोणी बघतच नव्हतं. काकाजींनी तिकडे पाहिलं. काही न बोलता ते डीपीकडे गेले आणि फ्यूज काढून खिशात घातला. साऱ्या तांड्याची लाइन गेली. शकुबाई दारात येऊन ओरडली, "पुन्हा गेली का? आता तर बातम्या सुरू झाल्या होत्या!"

काकाजी तिच्यासमोरून गेले. मान वर केली नाही.

शामबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं कोणासाठी होतं ते कळणार नाही.

मी लग्न होऊन तांड्यात आले तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असेल. बारीक, काळासावळा, दात थोडे पुढे. बोलायला लागला की थांबायचा नाही. शाळेत गणित कच्चं. होळीला लेंगीची गाणी म्हणायला मात्र मोठे गडी त्याला मध्ये उभा करायचे, असा त्याचा गळा. सुईला इतका भ्यायचा की एकदा शाळेत लस द्यायला सिस्टर आली तर हा मागच्या खिडकीतून पळाला आणि संध्याकाळपर्यंत पऱ्हाटीच्या शेतात लपून बसला. तो फौजेत गेला तेव्हा मी त्याला यावरून फार चिडवायचे. तो म्हणायचा, "भाभी, तिथं बी मी डोळे मिटूनच घेतो. कोणाले सांगू नको."

पण एक दिवस मी त्याचं दुसरं रूप पाहिलं होतं. तेव्हा तो दहावीत असावा.

आमच्या तांड्याच्या पलीकडे कोलामांचा पोड आहे. तिथला म्हातारा डोमाजी दोन्ही वस्त्यांची ढोरं राखायचा. एका थंडीत सकाळी ढोरं एकटीच पळत परत आली, एक गोऱ्हा कमी. डोमाजी नाही. माणसं कुऱ्हाडी, डबे घेऊन जंगलाच्या कडेला गेली. नाल्यापलीकडे मोहाच्या झाडावर डोमाजी चढून बसला होता आणि झाडापासून जवळच वाघ गोऱ्ह्यावर बसला होता. डबे वाजवले, आरोळ्या दिल्या. वाघ उठायचा, दोन पावलं जायचा, पुन्हा येऊन बसायचा. जंगलखात्याच्या माणसांना निरोप गेला होता, त्यांना यायला वेळ होता. दुपार झाली. डोमाजीचे हात थरथरताना लांबून दिसत होते. एकदा त्याचा पाय सुटला आणि सगळ्या माणसांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. त्याने कशीबशी फांदी धरली.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. शाम तांड्यातल्या सगळ्या म्हशी हाकत आणत होता. म्हशी वाघाला पाहून पळत नाहीत, एकत्र गोळा होतात आणि शिंगं रोखून पुढे सरकतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्यासोबत जायचं कोणी? शाम त्यांच्या मधोमध होता. एका हाताने म्हशीची शेपटी धरलेली, तोंडाने हाका चालू. काकाजी ओरडले, "शाम, माघारी ये!" त्याने ऐकलं नाही, की ऐकूनही ऐकलं नाही, कोण जाणे. म्हशींना वास लागला. त्या थांबल्या, फुरफुरल्या, आणि मग एकत्र पुढे निघाल्या. आम्हाला धूळ दिसत होती, पोरगा दिसत नव्हता. वाघ गुरगुरला. मग पलीकडचं गवत हललं आणि वाघ निघून गेला.

शामने डोमाजीला झाडावरून उतरवून म्हशींच्या मधूनच आणलं. अलीकडे येताच काकाजींनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि तिथेच खाली बसून रडायला लागले. पोरगा गाल चोळत माझ्याजवळ आला. त्याचे हात बर्फासारखे गार पडले होते.

"भाभी," तो म्हणाला, "मले लय भेव वाटलं."

"मग कायले गेला?"

"म्हशी माहं ऐकतात ना," तो म्हणाला.

बारावीनंतर त्याने फौजेचा ध्यास घेतला. अंधार असतानाच मुकुटबनच्या रस्त्याने पळत जायचा. पहिल्या भरतीत छाती कमी भरली म्हणून परत आला आणि दोन दिवस जेवला नाही. दुसऱ्या वेळी घेतला. मारेगावकडच्या तांड्यातली रंजिता त्याने स्वतः पसंत केली. ती त्याच्या अगदी उलट, कमी बोलणारी. तो दहा वाक्यं बोलायचा तेव्हा ती एक. पण ते एक ऐकून तो गप्प व्हायचा. पोळ्याला तो सुट्टीवर आला होता. तीच शेवटची. पुढची सुट्टी त्याने बाळंतपणासाठी राखून ठेवली होती, आणि ती मिळायच्या आठवडाभर आधी सीमेवर तोफा सुरू झाल्या. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या.

ते दिवस फार वाईट गेले. टीव्हीवर काहीही सांगायचे. कधी आपण इतके आत गेलो, कधी अमुक चौकी उडाली. रंजिता बघायची नाही, पण शकुबाईचा टीव्ही तिच्या ओसरीत ऐकू यायचा. शामचा फोन लागत नव्हता. एकदा कुठल्यातरी वेगळ्या नंबरवरून मलाच त्याचा फोन आला.

"भाभी, रंजिताचं बीपी कसं हाय?"

"तिलेच विचार ना, देते फोन."

"नको. तिचा आवाज ऐकला तर मले बोलता येणार नाही. तू सांग."

मी खोटं सांगितलं नाही. वाढतंय, म्हणाले, पण वणीला दाखवते आहे, डॉक्टर चांगल्या आहेत.

"तिले सोडून कुठी जाऊ नको," तो म्हणाला. "टीव्ही पाहू देऊ नको. माहं काही झालं तर टीव्हीवाल्याच्या आधी साहेबाचा फोन येते."

मग मागे कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. त्यानंतर आला तो साहेबाचाच.

काकाजी घरी जमनीकाकीसाठी थांबणार, मी रंजिताला घेऊन निघणार, असं ठरलं. खेमसिंग, शामचा धाकटा भाऊ, मुकुटबन-वणी काळी-पिवळी चालवतो. तो गाडी धूत होता. त्याला आम्ही सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, आणि गाडीही त्यालाच चालवायची होती. मी फक्त म्हणाले, "रंजिताले आत्ताच वणीला न्यायचं हाय. दुसरी सवारी घेऊ नको. अन् तुहा फोन दे, माह्याचं चार्जिंग गेलं, डॉक्टरशी बोलायचं हाय." त्याने लगेच दिला. मी तो बंद करून पिशवीत टाकायला गेले, पण बंद करण्याआधीच तो वाजायला लागला. कॉल थांबतच नव्हते, म्हणून मी नुसता आवाज बंद करून तो पिशवीत टाकला.

रंजिता सूप बाजूला ठेवून उठली. "आत्ताच?" एवढंच म्हणाली. काकाजी तिच्यासमोर आले नाहीत. ती गाडीत बसताना घराकडे वळून पाहत होती. "बापू कुठी गेले?" तिने सासऱ्यांचं विचारलं. मी म्हणाले, ढोरांकडे गेले.

तांड्यापासून मुकुटबनपर्यंत रस्ता खडबडीत. खेमसिंग खड्डे चुकवत सावकाश चालवत होता आणि मला वाटत होतं त्याने उडवत न्यावी. माझ्या मांडीवरच्या पिशवीत फोन सारखा थरथरत होता. मी पिशवी घट्ट दाबून धरली. रंजिता माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून.

मुकुटबनच्या चौकात मला पुढे गर्दी दिसली. दहा-बारा पोरं उभी होती. एक जण खांबावर चढून तिरंगा बांधत होता. पानठेल्यावरचा माणूस आमची गाडी ओळखून रस्त्यात आला. त्याने दोन्ही हात जोडले होते आणि तोंड उघडलं होतं. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. नको, नको. मग रंजिताकडे बोट दाखवलं. त्याने तिचं पोट पाहिलं. हात जोडलेलेच ठेवून तो मागे सरकला आणि पोरांनाही त्याने हाताने मागे लोटलं. ती सगळी पोरं एकदम गप्प झाली. गाडी त्यांच्यामधून गेली तेव्हा एकानेही आवाज काढला नाही.

खेमसिंगने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. त्याचे खांदे एकदा वर गेले, खाली आले. गाडी डावीकडे झुकली, पुन्हा सरळ झाली. मी आरशात पाहून मान हलवली, नको म्हणून. त्याने खालचा ओठ दातात धरला आणि रस्त्याकडे बघायला लागला.

रंजिता अजून बाहेरच पाहत होती. मुकुटबन मागे पडलं, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं सुरू झाली, तेव्हा ती वळली नाही, तशीच म्हणाली, "ताई, तुमच्या पिशवीत फोन वाजून राह्यला."

"वाजू दे. कंपनीचा असन."

"खेमसिंगचा हाय तो."

तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता आणि बोटं सुजून टम्म झाली होती.

"काही सांगू नका," ती म्हणाली. "दवाखान्यात पोचेपर्यंत मले काही सांगू नका. माहं डोकं लय दुखून राह्यलं, डोळ्यापुढे चमकते. मी आत्ता ऐकलं तर काही खरं नाही. तिथं गेल्यावर मी विचारीन. तवा सांगजा."

मी हो म्हणाले.

बाकीचा रस्ता आम्ही तिघंही गप्प होतो. तिघांनाही माहीत होतं आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ती मध्येच डोळे मिटायची, पोटावर हात फिरवायची, श्वास मोजल्यासारखा घ्यायची. एकदा तिचा हात झटक्याने आखडला आणि मला वाटलं, झालं. पण ते बाळ फिरलं होतं.

डॉक्टर प्राची दारातच उभ्या होत्या. स्ट्रेचर तयार होतं. त्यांनी बीपी मोजलं आणि आकडा मला सांगितला नाही, सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. सुई टोचली, सलाइन लागलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. रंजिता छताकडे बघत पडली होती. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "आता झालं ना औषध?"

"हो."

ती माझ्याकडे वळली. "आता सांगा."

मी सांगितलं. साहेबांचा फोन आला होता, म्हणाले. पहाटे गेला, म्हणाले. ती ओरडली नाही. चादरीची कड तिने मुठीत धरली आणि ती फाटेपर्यंत ओढली. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. डॉक्टर तिच्या मनगटावर बोटं ठेवून उभ्या होत्या आणि त्यांची नजर यंत्रावरच होती.

बऱ्याच वेळाने रंजिताने विचारलं, "कधी येणार?"

"उद्या," मी म्हणाले. "नागपूरवरून. वणीवरूनच जाईल गाडी."

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "रंजिता, मला बाळ आजच काढावं लागेल. उद्यापर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं. तुझ्यासाठीही आणि त्याच्यासाठीही."

"मी त्याले पाहिल्याशिवाय कुठी जाणार नाही."

"आज ऑपरेशन केलं तर उद्या तू चालू शकणार नाहीस. तांड्यावर मी जाऊ देणार नाही. पण फाटकापर्यंत तुला स्ट्रेचरवर नेता येईल. तेवढं मी करते."

दाराबाहेर खेमसिंग भिंतीला डोकं लावून उभा होता, त्याचं हुंदके दाबणं आत ऐकू येत होतं.

"त्याची गाडी थांबली नाही तर?" तिने विचारलं.

"थांबेल," मी म्हणाले. माझ्या हातात काय होतं? काहीच नव्हतं. पण म्हणाले.

"मग करा," ती डॉक्टरांना म्हणाली.

मुलगी झाली. चिमणीएवढी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रंजिता शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा बाळाचं विचारलं आणि दुसऱ्यांदा, "थांबेल ना?"

गाडी थांबवायचं काम अवघड निघालं. काकाजींना ज्या नंबरवरून फोन आला होता त्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून लावत होते. शेवटी शामच्या सोबत येणाऱ्या हवालदाराचा नंबर मिळाला. त्याचं नाव अवधूत. यवतमाळ शहरातला, वडील आणि आजोबा कचेरीत नोकरीला, घराण्यात हा पहिलाच फौजेत गेलेला. पलटणीत मराठी बोलायला मिळतं म्हणून शाम आणि तो कायम सोबत असायचे.

"वहिनी वणीत आहेत?" तो म्हणाला. "मला तर सांगितलंय की मध्ये कुठेही थांबायचं नाही. गर्दी खूप आहे, सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायचं आहे."

"तिचं पोट कालच चिरलं हाय, दादा. ती तांड्यावर येऊ शकत नाही. तिची दुसरी भेट नाही आता."

"मी बघतो," तो म्हणाला.

इथल्या पोलिसांनाही मी विचारलं. ते म्हणाले, आमच्या हातात नाही, वरून आदेश आहे. दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. पोरं मोटारसायकलींवर झेंडे घेऊन फिरत होती. घोषणांनी दवाखान्याच्या काचा हादरत होत्या. आम्ही रंजिताला स्ट्रेचरवर फाटकात आणलं. डॉक्टर तिच्या डोक्याशी, हातात सलाइनची बाटली वर धरून. ऊन असं होतं की स्ट्रेचरची लोखंडी दांडी हाताला लागली तर चटका बसे. मी तिच्या तोंडावर पदराची सावली धरली.

आधी पोलिसांची जीप आली, ती निघून गेली. मग एक मोटार, तीही गेली. मग फुलांनी झाकलेला फौजेचा ट्रक दिसला. समोरचा पोलीस हात हलवत होता, चला, चला. ट्रक सावकाश आमच्यासमोर आला, आणि पुढे सरकला. रंजिताने स्ट्रेचरवरून उठायचा प्रयत्न केला. खेमसिंग धावला. तो ट्रकच्या बाजूला हात आपटत पळत होता, "थांबा! माही भाभी हाय इथं! थांबा!"

ट्रकच्या मागच्या भागातून एक जण उठला. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने त्याने केबिनच्या पत्र्यावर धडाधड मारलं. ट्रक थांबला. मागची मोटार थांबली. कोणीतरी साहेब उतरून रागाने पुढे आले. हात बांधलेला तोच अवधूत. तो खाली उडी मारून त्यांच्यासमोर उभा राहिला, सॅल्यूट केला आणि काहीतरी बोलला. साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. स्ट्रेचर पाहिलं, सलाइन पाहिलं. मग टोपी काढली.

घोषणा चालूच होत्या. अवधूतने वळून हात वर केला. "जरा शांत राहा," एवढंच म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं आणि तो अख्खा रस्ता शांत झाला. जवानांनी शामची पेटी खाली घेतली आणि स्ट्रेचरच्या शेजारी, तिच्या उंचीला धरून उभे राहिले.

रंजिताने झेंड्यावर हात ठेवला.

"उघडता येणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी," अवधूत म्हणाला.

"तोच हाय ना?"

"तोच आहे. मी त्याला सोडून कुठेच गेलो नाही."

तिने मान हलवली. मग ती पेटीला तोंड लावून आमच्या बोलीत बोलायला लागली. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. काय बोलली ते मी ऐकलं, पण ते तिचं आणि त्याचं आहे. शेवटी मुलगी झाली म्हणून सांगितलं. पेटी धरलेला एक जवान सरळ समोर बघत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी रंजिताचा हात हळूच उचलून घेतला.

तांड्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, मी दवाखान्यातच राहिले. नंतर कळलं की जमनीकाकीने कोणालाही तिला धरू दिलं नाही. ती स्वतःच्या पायांनी चितेपर्यंत चालत गेली. खेमसिंगने अग्नी दिला. डोमाजी पोडावरून काठी टेकत आला होता आणि सगळी माणसं गेल्यावरही तिथेच बसून राहिला.

पावसाळ्याच्या शेवटी, हात बरा झाल्यावर अवधूत तांड्यावर आला. तोवर रंजिता घरी आली होती, मुलीने अंग धरलं होतं. मोठ्या माणसांनी वीरा, विजया अशी नावं सुचवली होती. रंजिताने प्रेरणा ठेवलं. कोणी विचारलं तर म्हणायची, मले आवडलं.

सगळे ओसरीत बसले. अवधूतने चहा घेतला, पण कप हातातच राहिला. "काय झालं ते मीच सांगायला हवं," तो म्हणाला.

चौकीच्या खाली सात-आठ घरांचं गाव. तोफा सुरू झाल्यावर गावातली माणसं शाळेच्या तळघरात न्यायची होती. सगळी आली, एक म्हातारा येईना. गोठ्यात दोन गाई आणि एक म्हैस बांधलेली. ती सोडल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. गोळे जवळ पडत होते. शाम म्हणाला, तू बाबाला घे, मी ढोरं सोडतो. अवधूतने म्हाताऱ्याला खांद्यावर टाकलं आणि पळाला.

"जनावरं बिथरली होती, दाव्याच्या गाठी आवळल्या होत्या. शामने दावी कापली. तो त्यांना तुमच्या बोलीत हाका मारत होता, मला लांबून ऐकू येत होतं. तिन्ही जनावरं उतारावरून निघून गेली. तो भिंतीच्या कडेने परत येत होता. तेवढ्यात गोळा पडला."

जमनीकाकीने विचारलं, "त्याले पाणी भेटलं?"

"नाही, याडी. तेवढा वेळच नव्हता." काकीला याडी, म्हणजे आई म्हणायचं हे त्याला शामनेच शिकवलं असणार.

खेमसिंग ताडकन उठला. "ढोरासाठी? ढोरासाठी गेला माहा भाऊ?" त्याचा आवाज चिरकला. "अन् तुम्ही जाऊ देलं त्याले?"

अवधूतने मान खाली घातली. काकाजीही उठले आणि कोणाकडे न बघता गोठ्याकडे निघून गेले.

"खेमसिंग, बस," रंजिता म्हणाली. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. "तो म्हातारा ढोरं सोडून आला नसता. ह्या दादांनी ओढून नेला असता तरी माघारी पळाला असता. बापू बी आले नसते." ती अवधूतकडे वळली. "तो म्हातारा वाचला?"

"वाचला. ढोरंही सापडली. त्याने तुमचा नंबर मागितलाय. मी दिला नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा देऊ?"

रंजिताने विचार केला. "द्या," ती म्हणाली.

पहिला फोन आला तेव्हा काकाजींनी तो घेतला नाही. दुसराही नाही. तिसऱ्या वेळी रंजिताने फोन त्यांच्या हातात ठेवला आणि आत निघून गेली. काकाजींनी कानाला लावला. पलीकडून म्हातारा रडत असावा, कारण काकाजी बराच वेळ नुसते हूं, हूं करत होते. मग त्यांनी आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "भैंस दूध देती क्या?"

आता आठवड्यातून एकदा तरी त्यांचं बोलणं होतं. दोघांची हिंदी दोन तऱ्हेची, निम्मं एकमेकांना कळत नसेल. परवा मी प्रेरणाला डोस द्यायचा म्हणून सांगायला गेले होते तेव्हा काकाजी फोन कानाला लावून ओसरीच्या पायरीवर बसले होते. सरकीची ढेप किती द्यायची, ते समजावून सांगत होते. मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला.

"त्याची एक गाय गाभण हाय म्हणते," ते म्हणाले, आणि पुन्हा बोलू लागले.